चूल आमची, नाताळ सिस्टरांचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पन्नाशी ओलांडेपर्यंत मला चहापलीकडे काही करता येत नव्हतं. चहासुद्धा कधी, तर दुकानात एकटा असलो, बाहेर पाऊस कोसळत असला आणि गिऱ्हाईक फिरकत नसलं तर. अशा माणसानं २०२२ सालच्या डिसेंबरात आठ माणसांचं नाताळचं जेवण केलं, त्याची ही हकिगत. हकिगतीबरोबर कृतीही सांगणार आहे. पहिल्यांदा असं जेवण करायला निघालेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो, तो नेमका कशामुळे, हे मला त्या तीन आठवड्यांत चांगलं कळलं.

आधी आमच्या गावाविषयी. वावर हे जव्हार तालुक्यातलं गाव. मराठीत वावर म्हणजे शेत. आमच्याकडचं शेत मात्र डोंगरउतारावरचं, नागली आणि वरईचं. १९९२-९३ साली वावर आणि वांगणी ही नावं महाराष्ट्रभरच्या वर्तमानपत्रांत आली, ती शंभराहून अधिक मुलं कुपोषणानं दगावली म्हणून. मी तेव्हा नुकताच बी.ए. होऊन वडिलांच्या किराणा दुकानात बसू लागलो होतो. गावात गाड्या येत, माणसं उतरत, कागदांवर काहीबाही लिहून घेत आणि जात. आमच्या दुकानात तेल होतं, गूळ होता, डाळ होती. आणि दुकानासमोरून जाणाऱ्या बायांच्या कडेवरच्या पोरांच्या पोटात ते जात नव्हतं. मी पुढे कविता लिहू लागलो त्याचं मूळ कुठं तरी तिथं आहे, पण तो विषय वेगळा. सांगायचं एवढंच, की मेजवानी हा शब्द उच्चारताना आमच्या पिढीची जीभ इथं अजून जराशी अडखळते.

आमच्या भागातल्या उपकेंद्रात तेव्हा एक आरोग्यसेविका होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. मूळच्या वसईच्या, ख्रिस्ती. दिवसभर पाड्यापाड्यांवर फिरायचं, पोरांची वजनं घ्यायची, दंडाला ती रंगीत पट्टी लावायची. पट्टीवर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आकडा आला की मूल तीव्र कुपोषित धरतात. तसा आला की त्या दिवशी सिस्टर दुकानावर येऊन नुसत्या बाकावर बसून राहत. वसई आणि वावर एकाच जिल्ह्यात, म्हणजे २०१४ साली ठाण्यातून पालघर वेगळा झाला तेव्हापासून; पण एक टोक समुद्राला लागलेलं आणि दुसरं डोंगरात. त्या वर्षी पावसाळ्यात सिस्टरांची आई गेली. नाताळला घरी जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि २५ तारखेची ड्युटी आपण होऊन मागून घेतली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी पत्नी ओट्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सिस्टरांनी हाताला पट्टी बांधली, जीप थांबवली आणि स्वतः तिला जव्हारला नेऊन प्लास्टर घालून आणलं. परत येताना जीपमध्ये पत्नीनं त्यांना शब्द दिला, "नाताळचं जेवण आमच्याकडे. तुमच्या घरी करतात तसं." प्लास्टर सहा आठवड्यांचं आहे, हे तिच्या ध्यानात घरी आल्यावर आलं. मग ती माझ्याकडे बघू लागली.

"अहो, हात तुमचे आणि डोकं माझं," ती म्हणाली. मी हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

नाताळचं जेवण म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? दूरदर्शनवर, सिनेमात पाहिलेलं: मोठ्ठी भाजलेली टर्की, मेणबत्त्या, पेटता पुडिंग. टर्की हा मुळात अमेरिकेतला पक्षी, तो युरोपात गेला सोळाव्या शतकात. आणि नाताळच्या टेबलाचं जे चित्र जगभर पसरलं, त्यात चार्ल्स डिकन्सच्या १८४३ सालच्या 'ख्रिसमस कॅरोल' या छोट्या पुस्तकाचा मोठा हात आहे. बेथलहेमचा किंवा वसईचा त्या टर्कीशी काही संबंध नाही. पहिल्यांदा जेवण करणाऱ्याची अर्धी धास्ती या चित्रामुळेच असते. आपल्या घरात ओव्हन नाही, टर्की नाही, म्हणजे आपला नाताळ खोटा, असं त्याला वाटत राहतं.

म्हणून मी सिस्टरांना सरळच विचारलं, "तुमच्या आई काय करत?"

त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं. कुलकुल आणि नेवऱ्या आधीच्या आठवड्यात. केक. नाताळच्या दिवशी डुकराचं इंद्याल, कोंबडीचा रस्सा आणि त्याबरोबर फुगे. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "चाचा, इंद्याल नको. तुमच्या चुलीवर ते चढवायचं नाही. कोंबडी पुरे." आमच्या दोघांच्या मनात जे होतं ते त्यांनी एका वाक्यात मोकळं केलं. दारूचंही तसंच. केकची फळं रममध्ये भिजवतात, फुग्याचं पीठ पूर्वी ताडीनं फुगवत. आम्ही संत्र्याचा रस आणि यीस्ट वापरायचं ठरवलं. दुसऱ्या धर्माच्या घरी जेवायला बोलावताना हे असं आधीच बोलून घ्यावं. ताटावर बसल्यावर कळलं तर दोन्ही बाजूंची पंचाईत होते.

त्यांनी एक अटही घातली. जेवण मोजकं करायचं, काही टाकायला लागता कामा नये. आठ माणसं ठरली: सिस्टर, आशाताई आणि त्यांचे यजमान, अंगणवाडीताई, शाळेतले गुरुजी, माझ्या दुकानातला पोरगा आणि आम्ही दोघं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर एक बाटली घेऊन आल्या. काळपट तपकिरी काचेची, बिअरची जुनी बाटली, तोंडाला बूच. तळाशी चार बोटं लाल मसाला. "आईनं मे महिन्यात केलेला. एवढाच राहिलाय," म्हणाल्या, आणि बाटली माझ्या हातात देऊन गेल्या.

आता सांगा, ज्याला चहापलीकडे काही येत नाही त्याच्या हाती ही बाटली!

या मसाल्याला बॉटल मसालाच म्हणतात. मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांची ती ओळख. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथले जे लोक ख्रिस्ती झाले ते भाषेनं मराठीच राहिले. नाताळ हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीज, त्याचा अर्थ जन्म. मुंबईकडच्या या समाजानं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नोकरीसाठी गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण इथले जुने, हे सरकारला कळावं म्हणून. नाव इंग्रजी, पण मसाल्यात सगळं आपलंच: लाल मिरच्या, धने, हळद, जिरं, मोहरी, तीळ, खसखस, दालचिनी, लवंग, वेलची, जायपत्री, दगडफूल, नागकेशर. काही घरांत थोडे गहू आणि हरभऱ्याची डाळही भाजून घालतात, त्यानं रस्सा दाट होतो. वीस-पंचवीस जिन्नस सहज होतात आणि प्रमाण ज्या त्या घरचं. एप्रिल-मे महिन्यात मिरच्या कडक उन्हात वाळवायच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कुटायचा, आणि पावसाची हवा लागण्याआधी बाटलीत दाबून भरायचा. गडद बाटली अशासाठी की उजेडानं मसाल्याचा रंग आणि वास उतरतो. दाबून अशासाठी की आत हवा राहू नये. शीतगृहाशिवाय वर्षभर मसाला टिकवण्याची ही युक्ती मला, एका किराणा दुकानदाराला, पन्नाशीनंतर कळली. मी आपला उघड्या बरणीतून मसाला विकत होतो.

बाटलीत मोजून बाराएक चमचे असतील. अडीच किलो कोंबडीला सहा लागणार. एकदा चुकलं की संपलं.

पत्नी म्हणाली, "आधी आपल्या दुकानातल्या मसाल्यावर करून बघा." हा सल्ला सोन्याचा आहे आणि तो मी सगळ्यांना देतो. पाहुण्यासाठी करायचा मुख्य पदार्थ आठवडाभर आधी एकदा घरच्यांसाठी करावाच, थोड्या प्रमाणात. १८ तारखेच्या रविवारी मी दुकानातलं तिखट आणि गरम मसाला घेऊन बसलो. तेल तापवलं, कांदा परतला, आणि तापलेल्या तेलात मसाला कोरडाच ओतला. क्षणात काळा पडला. असा ठसका उठला की शेजारच्या घरातली माणसं अंगणात आली. प्लास्टरमधला हात छातीशी धरून पत्नी खोकत होती आणि हसतही होती. मला मात्र हसू येईना. हातात ती बाटली असती तर?

बारीक कुटलेला मसाला तेलात का जळतो? कारण त्यात पाणी जवळजवळ नसतंच. कांद्यात, टोमॅटोत पाणी असतं, ते उडून जाईपर्यंत पदार्थ करपत नाही. कोरड्या पुडीला तो आधार नाही. तापल्या तेलात ती काही सेकंदांत जळते आणि कडू होते, आणि तो कडवटपणा मग कशानंही जात नाही. उपाय सोपा आहे. मसाला अर्धी वाटी पाण्यात कालवून सरबरीत करायचा, भांडं जाळावरून खाली घ्यायचं, तो लगदा कांद्यात घालायचा आणि मग मंद आचेवर परत ठेवून तेल सुटेपर्यंत परतायचं. दुसऱ्या खेपेला तसं केलं. जमलं.

दुसरी गोष्ट वेळेची. मला वाटत होतं स्वयंपाक सकाळी सुरू करायचा आणि होईल तेव्हा होईल. पत्नीनं उधारीच्या वहीचं मागचं पान फाडायला लावलं आणि खालून वर लिहायला सांगितलं. अगदी तळाशी: रात्री आठ, पानं वाढणे. त्याच्या वर: पावणेआठ, रस्सा तयार. त्याच्या वर: सव्वासात, फुगे तळायला घेणे. त्याच्या वर: साडेसहा, मगरीबची नमाज उरकून कोंबडी चुलीवर. गावठी कोंबडी शिजायला तास-सव्वातास घेते, बाजारातल्या ब्रॉयलरसारखी अर्ध्या तासात होत नाही, म्हणून साडेसहा. त्याच्या वर: दुपारी चार ते पाच, काहीही नाही. हा रिकामा तास तिनं मुद्दाम ठेवला. "काही तरी बिघडणारच, त्याला जागा नको?" असं उलटं लिहीत गेलं की आपोआप दिसतं, कोणतं काम त्या दिवशी करण्याची गरजच नाही. कुलकुल, केक, कांदे चिरणं, आलं-लसणाचं वाटण, व्हिनेगरमध्ये घातलेला कांदा, सगळं पानाच्या वरच्या बाजूला, मागच्या तारखांकडे सरकत गेलं. २५ तारखेला चारच कामं उरली. कवितेतही माझं असंच होतं, शेवटची ओळ आधी येते आणि मग तिच्यापर्यंत जायचा रस्ता शोधावा लागतो.

व्हिनेगर म्हणजे सिरका. तो चांगलं कालवण आहे असं आमच्या हदीसमध्ये आलेलं आहे, तेव्हा त्याबाबत घरात काही प्रश्न नव्हता. आंबट पदार्थाचं बरं असतं, ते आदल्या दिवशी केलं तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. ज्याला धावपळ नको आहे त्यानं असे मुरणारे पदार्थ निवडावेत.

कुलकुल फार सोपे. मैदा, थोडं तूप, नारळाचं दूध, साखर आणि अंडं घालून पीठ मळायचं. छोटी गोळी नव्या कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळली की शिंपला होतो, तो तळायचा. आपल्या शंकरपाळ्याचा चुलतभाऊच. नेवरी म्हणजे करंजी, हे कळल्यावर पत्नीनं ती यादीतून काढून टाकली. "करंजी बिघडवायला तुमचे हात नकोत." आशाताईंच्या मुलांनी दुकानाच्या ओटीवर बसून कुलकुल वळले. वळले त्याहून जास्त कच्चेच खाल्ले.

केकचं मात्र सविस्तर सांगतो, कारण ओव्हन नसलेल्या घरांत तो प्रश्न मोठा वाटतो. आमच्याकडे वीज असते आणि नसते, त्यामुळे चुलीवर किंवा गॅसवर होईल असंच काही हवं होतं. एक जुना कुकर घ्यावा. जुनाच, कारण कोरडा तापवल्यानं तो खराब होतो. शिट्टी आणि झाकणाचं रबर काढून टाकायचं, नाही तर धोका आहे. तळाशी बोटभर जाड मीठ किंवा चाळलेली वाळू, त्यावर एक कडं ठेवायचं, पाणी अजिबात नाही. झाकण लावून दहा मिनिटं तापवलं की आतली हवा भट्टीसारखी होते. मीठ उष्णता धरून ठेवतं आणि सगळीकडून सारखी देतं, म्हणून तळ करपत नाही.

आता आत काय? पाव किलो खजूर बिया काढून, चिरून, एक वाटी गरम पाणी आणि चमचाभर सोडा घालून तासभर ठेवले. सोड्यानं खजुराची साल विरघळून लगदा होतो. एक वाटी मैदा, एक वाटी नागलीचं पीठ. नुसत्या नागलीचा केक होत नाही. गव्हात पीठ धरून ठेवणारा चिकटपणा असतो तो नागलीत नाही, केक भुगा होऊन पडतो. निम्मी-निम्मी घेतली तर छान होतो आणि रंग असा काळसर येतो की प्लम केकच वाटावा. (प्लम केकमध्ये प्लम नसतातच. जुन्या इंग्रजीत मनुकांना प्लम म्हणत.) दोन अंडी, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी तेल, संत्र्याचा थोडा रस, जायफळ. मंद आचेवर पन्नास मिनिटं. सुरी खुपसून पाहिली, कोरडी निघाली. कापडात गुंडाळून ठेवला तर खजुराचा ओलावा सगळीकडे पसरतो आणि तिसऱ्या दिवशी केक पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो. रम नसल्यामुळे त्याहून फार दिवस मात्र ठेवू नये.

खजूर ही सूचना माझी होती. कुराणातल्या एकोणिसाव्या सूरेचं नावच मरियम आहे. प्रसूतीच्या कळांनी हैराण झालेली मरियम खजुराच्या बुंध्याशी येते, आणि तिला सांगितलं जातं की बुंधा हलव, ताजे खजूर तुझ्याजवळ पडतील. म्हणजे हजरत ईसाच्या जन्माच्या वेळचं त्याच्या आईचं जेवण काय होतं, ते आमच्याकडे नोंदलेलं आहे. हे मी सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्या नर्सच्या आवाजात म्हणाल्या, "बाळंतिणीला खजूर चांगलाच."

२५ तारीख उजाडली. गुरुजींनी दिवाळीतला कामट्यांचा आकाशकंदील आणून ओटीवर टांगला. चांदणीच ती, नाताळला चालून गेली. चार वाजता मी फुग्यांचं पीठ भिजवलं: अर्धा किलो मैदा, एक अंडं, नारळाचं दूध, चिमूटभर मीठ, साखर आणि कोमट दुधात फेसाळलेलं यीस्ट. पीठ सैलच ठेवायचं, मुठीत धरून अंगठ्याजवळून पिळता येईल इतकं. जव्हारच्या बाजूला डिसेंबरात थंडी चांगली असते आणि थंडीत यीस्ट काम करत नाही, म्हणून भांडं घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं. रिकामा तास खरोखर रिकामा गेला. मी पत्नीबरोबर चहा घेत ओटीवर बसलो.

सहा वाजता सिस्टरांना एका पाड्यावरून बोलावणं आलं. दीड वर्षाच्या पोराला तापात झटके येत होते. त्या गेल्या. साडेसहाला मी चूल पेटवली. बाटलीचं बूच काढलं, सहा चमचे मोजून वाटीत घेतले आणि त्यात पाणी घातलं तेव्हा माझा हात थरथरत होता, हे कबूल करतो. कांदा झाला, आलं-लसूण झालं. भांडं खाली उतरवलं, लगदा घातला, पुन्हा चढवलं. पत्नी पाटावर बसून नुसती वास घेत होती. "लाकूड मागे ओढा. आणखी मागे." तेल सुटलं. रंग विटेसारखा लाल. मग कोंबडी, मग नारळाचं दुसरं, पातळ दूध.

पावणेआठला रस्सा तयार होता. फक्त पहिलं, घट्ट दूध घालायचं राहिलं होतं. तेवढ्यात निरोप आला. पोराला घेऊन १०८ची गाडी जव्हारला निघाली आहे आणि सिस्टर बरोबर गेल्या आहेत. फोन लागेना, आमच्याकडे रेंजचं काय ते सांगायला नको.

आता तीन तास जेवण थांबवायचं. इथे ते उलटं लिहिलेलं पान उपयोगी पडलं, आणि एका ठिकाणी मी चुकलो तेही सांगतो. रस्सा थांबला, कारण घट्ट दूध घातलेलं नव्हतं. नारळाचं दूध खळखळून उकळलं की फाटतं, तेल वेगळं आणि चोथा वेगळा होतो. परत परत गरम करायचं जेवण असेल तर ते शेवटच्या पाच मिनिटांसाठीच राखून ठेवावं. भांडं झाकून निखाऱ्यांवर गरम ठेवलं. फुगे मात्र मी तळले नाहीत. गरम गरम वाढू म्हटलं. वास्तविक फुगे गारही चांगले लागतात, दुसऱ्या दिवशीही खातात, हे मला नंतर कळलं. पीठ चुलीच्या उबेला फुगतच राहिलं, भांड्याबाहेर आलं आणि शेवटी खाली बसलं. आंबूस वास सुटला. साडेदहाला जीपचा आवाज आला तेव्हा मी कढई तापवली. पीठ तेलात सोडलं तर फुगायच्या ऐवजी चपटं होऊन तेल पिऊन बसलं.

आशाताईंनी काही न बोलता माझ्या हातातला झारा काढून घेतला, पिठाच्या डब्यातून नागली काढली आणि भाकरी थापायला बसल्या. अंगणवाडीताईंनी त्यांच्या घरून खुरासणीची चटणी आणली. वीस मिनिटांत आठ माणसांच्या भाकऱ्या झाल्या. मी रस्सा एकदा उकळी येईतो तापवला, खाली घेतला, घट्ट दूध घातलं, चमचाभर सिरका घातला.

सिस्टर हातपाय धुऊन आल्या. पोराचे झटके थांबले होते, त्याला भरती करून घेतलं होतं, आई त्याच्याजवळ होती. एवढं सांगून त्या पानावर बसल्या. मध्यरात्रीची मिस्साही हुकली होती आणि आता रात्रीचे अकरा वाजत आले होते. त्यांनी डोळे मिटून मराठीत प्रार्थना केली. मी बिस्मिल्ला म्हटलं. आशाताईंचे यजमान आमच्या दोघांचं व्हायची वाट बघत हात आवरून बसले होते.

सिस्टरांनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि बराच वेळ मान वर केली नाही. कोणी बोललं नाही. मग त्यांनी वाटी पुढे केली.

"चाचा, आणखी थोडा. मीठ जरा कमी आहे."

मीठ खरंच कमी होतं. घाबरून मी मसाल्याकडे इतकं बघत बसलो होतो की मिठाकडे लक्षच नव्हतं.

केक संपला. रश्शाचं भांडं भाकरीनं पुसून निघालं. फुग्यांचं पीठ तेवढं वाया गेलं. सिस्टरांची अट मोडल्याची ती रुखरुख मला आजही आहे.

बाटलीत उरलेले सहा चमचे मी परत दिले. पुढच्या मे महिन्यात सिस्टरांनी मावशीला फोन लावून आईचं प्रमाण विचारून घेतलं आणि मी ते वहीत उतरवलं. बहुतेक जिन्नस माझ्या दुकानातलेच होते. नागकेशर आणि जायपत्री जव्हारच्या बाजारातून आणली. पत्नीचं मनगट तोवर बरं झालं होतं. तिनं आणि सिस्टरांनी आमच्या अंगणात मिरच्या वाळवल्या, दोन दिवस भाजणं-कुटणं चाललं आणि जुन्या मसाल्यातला एक चमचा नव्यात मिसळला. चार बाटल्या भरल्या. सिस्टरांची नंतर बदली झाली. तीन बाटल्या त्या घेऊन गेल्या, एक आमच्याकडे ठेवली. रस्सा आता मीच करतो. फुगे अजून जमत नाहीत.